तीन वर्षं झाली, काटा तिथेच

या वेळचं पत्र:

"वय ३४, उंची १७२ सेंटिमीटर. साडेतीन वर्षं नेमाने वजनं उचलतोय. दहा आठवडे भरपूर खाऊन बल्क करतो, पोट दिसायला लागलं की धीर सुटतो, मग चार आठवडे १५०० कॅलरींवर राहून कट करतो. वजन ८२ ला उतरतं, पुन्हा ८६ ला जातं. आज ८४ आहे. कंबर बेंबीपाशी ९४ सेंटिमीटर. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) १२० किलोला पाच रेप्सवर, म्हणजे सलग पाच वेळांवर, दीड वर्ष अडकलाय. प्रोटीन रोज दीडशे ग्रॅम घेतो. झोपायला एक वाजतो, साडेसहाला उठतो. माझा जिममधला जोडीदार माझ्याच उंचीचा, वजन ६२. तो म्हणतो, 'तुला काय, चार घास कमी खाल्ले की झालं. मला एक किलो चढवायला जीव जातो.' मी म्हणतो, एकदा भुकेल्या पोटी झोपून बघ. वजन उचलणाऱ्याला खरं अवघड काय, चरबी घालवणं की स्नायू कमावणं? आणि मी आधी काय करू?

दोन डगरींवर पाय ठेवलेला"

नमस्कार,

तुमच्या वादाचा निकाल आधी देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन-तीन वर्षं इमानेइतबारे बार उचललेल्या माणसाला स्नायू कमावणं जास्त अवघड आहे. चरबी घालवणं जास्त त्रासाचं आहे. तुम्ही आणि तुमचा जोडीदार या दोन गोष्टींना एकच समजून भांडताय, आणि तुमची साडेतीन वर्षंही त्याच गल्लतीत गेली असं मला पत्र वाचताना वाटलं.

हे मी दोन्ही बाजूंनी भोगलंय. स्पर्धेत उतरायचे तेव्हा मी ६३ किलो गटात उचलत असे आणि एका वर्षी बारा आठवडे आधी माझं वजन साडेसदुसष्ट होतं. शेवटच्या पंधरवड्यातली एक रात्र मला अजून लख्ख आठवते. पावणेअकरा वाजलेत, दिवसाच्या हिशेबात दहा बदाम उरलेत, मी ते बशीत ओळीने मांडलेत आणि एकेकाचे सुरीने चार तुकडे करून खातेय, म्हणजे चाळीस घास होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ६० किलोचा बार, जो मी एरवी अंग गरम करायला उचलायचे, जमिनीला चिकटल्यासारखा वाटला. त्याच वहीत दुसरी एक नोंद आहे. एका पूर्ण वर्षात माझी मांडी साडेछप्पनवरून अठ्ठावन्न सेंटिमीटर झाली. आठवड्याला पाच दिवस सराव, एकही मोठी दुखापत नाही, झोप चोख, खाणं चोख, आणि वर्षाची कमाई दीड सेंटिमीटर. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बदामांची रात्र मला न शोधता आठवते, दीड सेंटिमीटरसाठी वही उघडावी लागते. म्हणून कुणालाही विचारलं तर तो सांगतो की चरबी घालवणं अवघड. जे दुखलं ते लक्षात राहतं.

आता हिशेब करू, कारण तो एकदा डोळ्यांसमोर आला की बल्क आणि कटची ओढाताण आपोआप थांबते असा माझा अनुभव आहे.

स्नायूचा पाऊण हिस्सा पाणी असतं आणि प्रथिनं जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे एक किलो स्नायूत प्रथिनं भरतात साधारण २०० ग्रॅम. तुमच्या टप्प्यावरच्या माणसाला वर्षात तीन किलो स्नायू चढला तर मी ते फार चांगलं वर्ष मानेन. तीन किलोंत ६०० ग्रॅम प्रथिनं, त्याला ३६५ दिवसांनी भागा. दिवसाला दीड ग्रॅमच्या किंचित वर. तुम्ही रोज दीडशे ग्रॅम प्रोटीन खाता. शरीर स्वतःची ३०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं रोज मोडतं आणि पुन्हा बांधतं. एवढ्या सगळ्या उलाढालीतून दिवसाअखेर स्नायूच्या खात्यात शिल्लक पडते ती दीड ग्रॅम, चमच्याच्या टोकावर मावेल एवढी. एक रात्र जागरणात गेली, एक आठवडा सराव बुडाला, चार दिवस खाण्याची हेळसांड झाली, की ती शिल्लक शून्यावर येते. आणि तुम्ही दुप्पट खाल्लंत तरी ती तीन ग्रॅम होत नाही. बांधकामाचा वेग शरीर ठरवतं. जास्तीचा माल येऊन पडला तर तो चरबीच्या कोठारात जातो.

चरबीचं गणित दुसऱ्या टोकाचं आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. रोज ४५० कॅलरींची तूट ठेवली तर दिवसाला साठेक ग्रॅम चरबी जाते. इकडे दीड ग्रॅम, तिकडे साठ ग्रॅम. चरबीच्या बाबतीत तुम्ही केलेल्या कामाचा मोबदला दोन आठवड्यांत काट्यावर दिसतो. स्नायूच्या बाबतीत तोच मोबदला दिसायला अर्धं वर्ष लागतं, आणि तोवर आपण बरोबर वाटेवर आहोत की नाही हे सांगणारं वहीतल्या आकड्यांशिवाय कुणी नसतं. मी अवघड म्हणते ते याला.

हा हिशेब तुमच्या दहा आठवड्यांच्या बल्कला लावू. वर्षाला तीन किलो हा दर धरला तरी सत्तर दिवसांत स्नायू चढतो अर्ध्या किलोच्या थोडा वर. तुमचं वजन मात्र चार किलोंनी वाढतं. मधले साडेतीन किलो म्हणजे चरबी आणि थोडं पाणी. पाण्याचं म्हणाल तर भरपूर खाल्लं की स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा वाढतो आणि ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणूनच बल्कच्या पहिल्या दहा दिवसांत दंड भरल्यासारखे दिसतात आणि कटच्या पहिल्या आठवड्यात ते 'उतरले' असं वाटून आपण घाबरतो. दोन्ही वेळा हललंय ते मुख्यतः पाणी.

मग येतो तुमचा कट. चार आठवड्यांत चार किलो, म्हणजे आठवड्याला शरीराच्या वजनाच्या सव्वा टक्का. नॉर्वेत अव्वल खेळाडूंवर या वेगाचा एक अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के वजन उतरवलं, दुसऱ्याने १.४ टक्के. दोघेही आठवड्याला चार दिवस वजनं उचलत होते. सावकाश उतरणाऱ्यांचं चरबीविरहित वजन उतरतानासुद्धा सुमारे दोन टक्क्यांनी वाढलं, घाईने उतरणाऱ्यांचं होतं तिथेच राहिलं. तुमचा वेग दुसऱ्या गटाच्या जवळचा आहे आणि वर तुम्ही साडेपाच तास झोपता.

झोपेवर मी जरा अडून बसणार आहे, तुम्ही पत्रात ती एका ओळीत उरकली असली तरी. २०१० साली एक छोटा पण अतिशय काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. दहाच माणसं, सगळी जास्त वजनाची, प्रयोगशाळेत मुक्कामाला, मोजून दिलेलं कमी खाणं. त्याच माणसांना एकदा चौदा दिवस साडेआठ तास अंथरुणात राहू दिलं आणि एकदा चौदा दिवस साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, तीन किलोंच्या आसपास. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचं चरबीविरहित वजन गेलं. काट्यावर आकडा एकच. तुमचा झोपेचा आकडा नेमका तोच आहे, साडेपाच तास. बल्कमध्ये मिळवलेला तो अर्धा किलो स्नायू प्रत्येक कटमध्ये कुठे जात असेल, याचा माझ्यापुरता मला उलगडा झालाय. वर्षाला तीन-चार वेळा हे आवर्तन फिरलं की साडेतीन वर्षांनी काटा आणि स्क्वॉट दोन्ही जिथल्या तिथे राहणार. तुमच्या कष्टात खोट नाही. कष्ट एकमेकांना खोडत राहिले.

आता तुमच्या जोडीदाराची बाजू. त्याच्याबद्दल तुम्ही थोडं अन्यायानं लिहिलंय. 'एकदा भुकेल्या पोटी झोपून बघ' म्हणता, त्यात 'त्याला काय, हवं ते खातो' असा सूर आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्याला वाचून दाखवा, त्याला बरं वाटेल. सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त दिल्या. एकाच्या अंगावर चरबी चढली अर्ध्या किलोहूनही कमी, दुसऱ्याच्या अंगावर चार किलोंहून जास्त. फरक कशाने पडला? व्यायामाने नव्हे, तो सगळ्यांना आटोक्यात ठेवायला सांगितलं होतं. काही माणसं जास्त खायला मिळालं की नकळत जास्त हलतात. उभी राहतात, फेऱ्या मारतात, पाय हलवत बसतात आणि शेकडो कॅलरी तिथेच जाळून टाकतात. तुमचा जोडीदार दोन सेटच्या, म्हणजे उचलण्याच्या दोन फेऱ्यांच्या, मध्ये बाकावर टेकतो की इकडून तिकडे फिरत असतो, जरा बघा. स्नायूंच्या प्रतिसादातही माणसामाणसांत असाच जमीन-अस्मानाचा फरक असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ जणांनी बारा आठवडे एका हाताचा एकसारखा व्यायाम केला. कुणाचा दंडाचा स्नायू तसूभर वाढला नाही, तर एकाचा ५९ टक्क्यांनी वाढला. तुमचा जोडीदार 'जीव जातो' म्हणतो ते खोटं नाही.

आणि तुमची भूकही खोटी नाही. चरबी म्हणजे निमूट पडून राहिलेलं गाठोडं नव्हे, ती मेंदूशी बोलत असते. १९९४ साली लेप्टिन हे संप्रेरक सापडलं तेव्हा हे नीट कळलं. चरबीच्या पेशी ते तयार करतात, चरबी आणि खाणं घटलं की लेप्टिन घटतं आणि मेंदू भुकेचा आवाज वाढवतो. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज या संशोधकांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धानंतरच्या उपासमारीवर उपाय शोधण्यासाठी. त्यांचं वजन सुमारे चौथाईने घटलं. पण वाचताना अंगावर येतं ते त्यांचं वागणं. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे, एकेका जेवणाला तासन् तास लावायचे. बदामाचे चार तुकडे करताना मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय. नंतर त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की भुकेलं शरीर असंच वागतं. तुम्हाला १५०० कॅलरींवर चौथ्या आठवड्यात संयम कमी पडतो असं वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका.

हा त्रास जसजसं खाली जावं तसा वाढत जातो, आणि एका जागी माझा निकालही उलटतो. अंगावर चरबी पंचवीस टक्के असताना पंधरावर येणं आणि दहावरून पाचवर जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्नायू वाढवणारी औषधं न घेणाऱ्या एका स्पर्धक बॉडीबिल्डरची वर्षभराची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तयारीच्या सहा महिन्यांत त्याची चरबी सुमारे पंधरा टक्क्यांवरून साडेचारवर आली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक चौथाईवर आलं, विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर आले, ताकद घटली. स्पर्धेनंतर शरीर पूर्ववत व्हायला पुढचे कित्येक महिने गेले. तिथे पोचलेल्या माणसाने मला विचारलं, तर चरबी जास्त अवघड असं मी बिनदिक्कत सांगेन. पण ९४ सेंटिमीटर कंबर घेऊन तुम्ही तिथून पुष्कळ लांब आहात आणि तिथे जायची तुम्हाला गरजही नाही.

तुम्ही पत्रासोबत कुणाचे तरी आधी-नंतरचे फोटो पाठवलेत, वर्षात दहा किलो स्नायू. ते पुसून टाका. नवशिक्याचं पहिलं वर्ष, मोठ्या खंडानंतर परतलेल्याचे पहिले काही महिने किंवा औषधं, यांतलं काही नसेल तर तुमच्या टप्प्यावर हे होत नाही. औषधांचा जोर किती असतो हे १९९६ सालीच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलंय. दहा आठवडे टेस्टोस्टेरॉनचा मोठा डोस घेऊन अजिबात व्यायाम न करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे तीन किलोंनी वाढलं. औषध न घेता प्रामाणिकपणे वजनं उचलणाऱ्यांचं वाढलं दोन किलोंनी. अशा फोटोशेजारी स्वतःला उभं करून तुम्ही तुमच्या दीड ग्रॅमचा अपमान करताय, आणि ते मला खरंच बघवत नाही.

आता आधी काय करायचं ते. आधी चरबी. कारण सांगते. तुमची कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि ही निम्म्याची खूण तब्येतीच्या दृष्टीनेही ओलांडू नये अशी आहे. पण त्याहून मोठं कारण तुमच्या स्वभावात आहे. पोट दिसायला लागलं की तुमचा धीर सुटतो. स्नायूला लागतं अखंड एक वर्ष, आणि ८४ किलोंवरून सुरुवात केलीत तर तिसऱ्या महिन्यात आरशासमोर तुम्ही पुन्हा घाबरणार. आधी खाली या, म्हणजे वर जायला मोकळी जागा मिळेल.

पण या वेळी उतरायचं ते सावकाश. पहिले दोन आठवडे काहीही कमी करू नका, नेहमीचं खाणं लिहून काढा आणि वजन कुठे स्थिरावतं ते बघा. मग त्यातून ४५० कॅलरी वजा करा आणि सोळा आठवडे तिथेच राहा. आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास, एकूण साडेसहा-सात किलो. म्हणजे तुम्ही ७७ च्या जवळ येऊन थांबाल. सोळा आठवडे ऐकून तुम्हाला लांबण वाटेल. तुम्ही साडेतीन वर्षांत केलेले सगळे कट एकापुढे एक मांडलेत तर ते याहून बरेच लांब भरतील. वजन रोज सकाळी करा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. एका दिवसाचा आकडा आदल्या रात्रीचं मीठ आणि पाणी सांगतो, बाकी काही नाही. प्रोटीन दीडशेवरून १६५ च्या आसपास न्या, म्हणजे किलोमागे दोन ग्रॅम. एरवी किलोमागे १.६ ग्रॅम पुरतं, पण तुटीच्या दिवसांत मी थोडं वरचं टोक धरते, कारण त्याने स्नायू राखला जातो आणि पोटही भरल्यासारखं राहतं. भूक लागेलच. ती तुम्हाला झोपेतून उठवायला लागली किंवा लैंगिक इच्छा मालवल्यासारखी झाली, तर तूट जास्त होतेय असं समजून दोनेकशे कॅलरी परत घ्या. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे सगळं सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, कारण वजन उतरलं की डोस बदलावे लागू शकतात.

सरावात एक चूक जवळजवळ सगळे करतात. कट सुरू झाला की बारवरच्या प्लेट्स उतरवतात आणि हलक्या वजनाने वीस-वीस रेप्स मारत बसतात, 'कटिंग'साठी. असं करू नका. शरीर स्नायू ठेवतं ते त्याला रोज जड काहीतरी उचलावं लागतं म्हणून. वजन बारवर तसंच ठेवा, हवे तर सेट कमी करा. स्नायू कमावायला जेवढे सेट लागले त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही तो कित्येक महिने टिकून राहतो, अट एवढीच की वजन हलकं करायचं नाही. तुमचा स्क्वॉट १२० ला पाच आहे. सोळा आठवड्यांनी, सात किलो हलकं होऊन, तो ११५ ते १२० ला पाच राहिला तर मी खूश होईन, आणि तुम्हीही व्हा. तो बारा आठवड्यांत शंभरावर घसरला तर ती धोक्याची घंटा. झोप, वेग, प्रोटीन, या क्रमाने तपासा.

ही टिकवण्याची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगते, यातून तुम्हाला दिलासा मिळेल. चरबी लवकर जाते पण तिला बाहेर ठेवायला रोज पहारा लागतो. स्नायू यायला वर्षं लागतात पण एकदा आला की थोडक्यात राहतो, आणि गेला तरी दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा लवकर परततो. मी गुडघ्याच्या दुखण्याने सात महिने बारला हात लावला नव्हता. आधी जिथे पोचायला मला चार वर्षं लागली होती तिथे परत यायला पाच महिनेही लागले नाहीत.

सोळा आठवड्यांनंतर लगेच बल्कवर उडी मारू नका. महिनाभर आहे तिथे थांबा, शरीराला आणि भुकेला निवू द्या. आणि मग माझी एकच अट, तीवर मी ठाम आहे: पुढचे बारा महिने कट हा शब्द काढायचा नाही. स्थिर वजनाच्या खाण्यावर दोनशे-अडीचशे कॅलरी जास्त, त्याहून नाही. महिन्याला वजन अर्धा ते पाऊण किलो वाढू दे. दर महिन्याला किलोच्या वर गेलं तर तुम्ही पुन्हा कोठार भरताय. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यात दहा ते पंधरा खरे सेट, खरे म्हणजे एक-दोन रेप्सच उरतील इतके जड. पायांचे दोन दिवस. वहीत दर वेळी मागच्या वेळेपेक्षा काहीतरी जास्त, एक रेप, अडीच किलो, काहीही. चौथ्या-पाचव्या महिन्यात तुम्हाला वाटेल की काहीच होत नाहीये. तो काळ सगळ्यात कठीण. तेव्हा भूक लागलेली नसते, अंग दुखत नसतं, बाकी सगळं सुरळीत असतं, आणि तरीही माणसं इथेच सोडून देतात, कारण दीड ग्रॅम डोळ्याला दिसत नाही. तेव्हा आरशात बघू नका, वही उघडा. मार्चमध्ये १२० ला पाच आणि ऑगस्टमध्ये १२७.५ ला पाच असेल, आणि कंबर फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढली असेल, तर स्नायू चढतोय.

झोप एक वाजता नाही, साडेअकराला. सुरुवात यातूनच करा, बाकी सगळ्याच्या आधी. सात तास मिळाले तरी मी आज एवढ्यावर समाधानी आहे.

जोडीदारालाही निरोप द्या. त्याने जेवणं मोठी करण्यापेक्षा त्यांची संख्या वाढवावी, दुधासारख्या पेयांतून कॅलरी घ्याव्यात आणि दोन सेटच्या मध्ये बसावं. त्याचं वजन महिन्याला पाऊण-एक किलोने सरकलं की तो योग्य मार्गावर आहे. तुम्ही सोळा आठवडे उतरत असताना तो चढत असेल. एकमेकांची वही तुम्ही लिहा. तुमच्या भुकेच्या दिवसांत त्याने तुमच्यासमोर खाण्याची तक्रार करू नये आणि त्याच्या न वाढणाऱ्या काट्यावर तुम्ही हसू नये, एवढं दोघांत ठरवून टाका.

या रविवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी, टेप बेंबीवरून सरळ फिरवा. पोट आत ओढू नका, श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, वजन, कंबर आणि शेवटचा स्क्वॉट एवढं लिहा. सोळाव्या आठवड्यानंतर तेच चार आकडे मला पाठवा, मग पुढच्या वर्षाचे सेट आपण मिळून मांडू.